माऊलीचं पदक की पाच बायोक्की?

प्रश्न वसईहून आला आहे. थोडक्यात सांगायचं तर असा: घरातले एक चुलत आजोबा धर्मगुरू होते, शिकायला काही वर्षं रोमला होते. येताना त्यांनी तांब्याची एक जाड चकती आणली. घरात तिला सगळे ‘माऊलीचं पदक’ म्हणतात. वर भोक आहे, त्यात कधीकाळी दोरा होता. आता ती अल्तारीखालच्या, म्हणजे घरच्या वेदीखालच्या, खणात असते. एका बाजूला पदर घेतलेली मरियामाता, दुसऱ्या बाजूला नुसती अक्षरं आणि १७९७ हे साल. अक्षरांत ‘बायोक चिंक्वे’ असं काहीतरी लागतं, त्याखाली ‘एम’ने सुरू होणारा एक शब्द आहे, पण तो झिजलाय. तर हे पदक की नाणं? व्हॅटिकनचं का? किंमत किती? आणि चिंचेने घासून लख्ख केलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं वाचेपर्यंत कुणीतरी चिंच भिजत घालायचं. घासू नका. कारण पुढे येईलच.

आता पहिला प्रश्न. तुमच्याकडे आहे ते नाणं आहे, पाच बायोक्कींचं, पोपच्या राज्यातलं. इटलीतले संग्राहक त्याला लाडाने ‘मादोन्निना’ म्हणतात, म्हणजे छोटी मादोन्ना, छोटी मरियामाता. तुमच्या घरात त्याला माऊली म्हणतात आणि तिकडेही नाव तेच पडलं, याची मला फार गंमत वाटली. पदक म्हणण्यातही चूक नाही. भोक पाडून गळ्यात घातलेल्या मादोन्निना मी बऱ्याच पाहिल्या आहेत. चलनातून बाद झालेला पैसा, त्यावर देवाच्या आईचा चेहरा; टाकून द्यायला कुणाचा हात होईल?

मरियामातेच्या बाजूला गोलाकार लिहिलेलं असतं ‘सांक्ता देई जेनित्रिक्स’, देवाची पवित्र माता. लोरेतोच्या मरियास्तवनात ही हाक येते, तुमच्या घरात ती मराठीत म्हटलीही जात असेल. दुसऱ्या बाजूला कडेने ‘पियुस पापा सेक्स्तुस, आन्नो तेवीस’, म्हणजे सहावे पोप पायस, कारकिर्दीचं तेविसावं वर्ष. आणि मधोमध किंमत आणि साल. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला दिसेल, त्याने गोंधळू नका. जुनी रोमन पद्धत आहे ती.

व्हॅटिकनचं म्हणाल तर नाही. व्हॅटिकन सिटी हा देश १९२९ च्या लाटेरन करारातून जन्माला आला. तुमचं नाणं त्याच्या १३२ वर्षं आधीचं. त्या काळी पोप हा खरोखरीचा राजा होता. इटलीच्या मधल्या पट्ट्यात, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत त्याचं राज्य होतं: सैन्य, जकात, तुरुंग, टांकसाळ सगळं आलं. एकोणिसाव्या शतकात हे राज्य सुमारे ४१,००० चौरस किलोमीटरचं होतं, म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या दीडपटीहून थोडं कमीच. २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या आणि ते संपलं. त्याआधी शतकानुशतकं तिथला खुर्दा पोपच्या नावाने पडत होता.

आता त्या खुर्द्याचा हिशेब, कारण त्याशिवाय तुमच्या नाण्यातली मेख कळायची नाही. वर चांदीचा स्कूदो. एका स्कूदोचे दहा पाओलो, एका पाओलोचे दहा बायोक्की, एका बायोक्कोचे पाच क्वात्रीनो. म्हणजे शंभर बायोक्कींचा एक स्कूदो. क्वात्रीनो, अर्धा बायोक्को आणि बायोक्को तांब्यात. अर्ध्या पाओलोला म्हणजे पाच बायोक्कींना ‘ग्रोस्सो’ म्हणत आणि तो चांदीचा असे. नखाएवढं, कागदासारखं पातळ नाणं, पण चांदीचं.

हे नीट लक्षात ठेवा: पाच बायोक्की ही चांदीची किंमत होती. तुमच्या हातात ती तांब्यात आहे.

मी नाणी ओळखायला शिकवतो तेव्हा भिंग नंतर देतो, आधी सोनाराचा काटा पुढे ठेवतो. चेहरा, मुकुट, अक्षरं हे सगळं राजाला जे सांगायचं आहे ते सांगतं. वजन राजाला लपवायचं असतं तेही सांगून टाकतं. सहाव्या पायसच्याच कारकिर्दीतला, संकट येण्याआधीचा, एक बायोक्कोचा तांब्याचा पैसा काट्यावर ठेवला तर दहा-अकरा ग्रॅमच्या आसपास भरतो. ज्यांनी शिवराई हातात घेतली आहे त्यांना हे वजन तळहाताला ओळखीचं वाटेल, जवळपास तेवढंच. दोन बायोक्कींचा पैसा त्याच्या दुप्पट, वीसच्या आसपास. हिशेब सरळ आहे. आकडा दुप्पट, तांबं दुप्पट. या चालीने पाच बायोक्कींचं नाणं पन्नास ग्रॅमचं हवं, मुठीत धरलं तर हात खाली गेला पाहिजे.

मादोन्निना भरते पंधरा ते अठरा ग्रॅम. नगानगात फरक असतो, काही त्याहून हलक्याही निघतात, पण साधारण हेच. आकड्यात पाच आणि वजनात जेमतेम पावणेदोन.

टांकसाळीच्या बाजूने बघा. समजा एक किलो तांबं आहे. त्याचे साडेदहा ग्रॅमचे बायोक्की पाडले तर ९५ पडतात, म्हणजे एक स्कूदोसुद्धा पुरता होत नाही. त्याच तांब्याच्या सतरा ग्रॅमच्या मादोन्निना पाडल्या तर अठ्ठावन्न निघतात. अठ्ठावन्न पंचे दोनशे नव्वद बायोक्की. जवळजवळ तीन स्कूदो. तांबं तेवढंच, भट्टी तीच, माणसं तीच. ठसा बदलला की खजिन्यात तिप्पट. कुणाही अर्थमंत्र्याला मोह पडेल असाच हा उद्योग आहे, आणि तो कशात संपतो तेही ठरलेलंच असतं.

पोपवर ही वेळ का आली? काही कर्ज जुनंच होतं. सहावे पायस हौशी बांधकामवाले. रोमच्या दक्षिणेची पोंतीनची दलदल उपसायला त्यांनी घेतली, सेंट पीटरच्या चर्चशेजारी नवं सॅक्रिस्टीचं, म्हणजे पूजेची वस्त्रं-भांडी ठेवायचं, दालन बांधलं. दोन्हींत पैसा ओतला. तूट भरायला कागद होता. रोममधली मोंते दि पिएता ही गहाणपेढी आणि सांतो स्पिरितो ही बँक ‘चेदोला’ नावाच्या चिठ्ठ्या काढत असत. चिठ्ठी दाखवा, चांदी घ्या, असा तिचा मूळ करार. चिठ्ठ्या वाढत गेल्या, चांदी वाढली नाही, आणि पुढे चिठ्ठी मोडायला गेलं की बट्टा पडू लागला. सराफाला हे सगळ्यांच्या आधी कळतं, तिथेही कळलं. लोकांनी स्कूदो घरात दडवले आणि बाजारात चिठ्ठ्या पुढे केल्या. पण चिठ्ठीने पाव विकत घेता येत नाही, मोड कोण देणार? सुट्ट्या पैशांचा दुष्काळ पडला तो असा.

त्यात १७९६ साली नेपोलियन इटलीत उतरला. जूनमध्ये बोलोन्यात शस्त्रसंधी झाली, तिची किंमत दोन कोटी दहा लाख लिव्हर (हे तेव्हाचं फ्रेंच चलन), शिवाय निवडक शंभर कलाकृती आणि पाचशे हस्तलिखितं. पोपने पुन्हा लढून पाहिलं, पुन्हा हरले. १९ फेब्रुवारी १७९७ रोजी तोलेंतिनोला तह झाला. आणखी दीड कोटीचा बोजा, आणि बोलोन्या, फेर्रारा, रोमान्या हे सुपीक प्रांत गेले. लोरेतोच्या मंदिराची संपत्ती त्याच महिन्यात फ्रेंचांच्या हाती गेली, तिथली मरियामातेची मूर्तीसुद्धा पॅरिसला नेली.

आता तुमच्या नाण्यावरचं ‘आन्नो तेवीस’ पुन्हा बघा. पायस पोप म्हणून निवडले गेले १५ फेब्रुवारी १७७५ ला. म्हणजे त्यांचं तेविसावं वर्ष लागलं १५ फेब्रुवारी १७९७ ला, आणि चौथ्या दिवशी तोलेंतिनो. हे नाणं पराभवाच्या वर्षाचं आहे, आणि ते वर्ष पराभवानेच सुरू झालं. असं साल-महिना जुळून येणं दर नाण्याच्या नशिबी नसतं. मला हा योग सापडला तेव्हा मी काम टाकून तो प्रत्येकाला सांगत सुटलो होतो आणि घरच्यांनी फारशी दाद दिली नव्हती.

मादोन्निनाच्या आधीचा भाऊ म्हणजे ‘साम्पिएत्रीनो’, अडीच बायोक्कींचा. त्यावर संत पीटरचा चेहरा आणि ‘प्रेषितांचा अधिपती’ असं लॅटिन. (आज रोममध्ये साम्पिएत्रीनो म्हणालात तर लोक रस्त्यातल्या काळ्या फरशीकडे बोट दाखवतील, आणि बायोक्की मागितलेत तर दुकानदार बिस्किटांचा पुडा काढेल.) अडीच पुरेना म्हणून पाचाचं आलं. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: पोपचा चेहरा नाही. नाव आहे, पण पाठीमागच्या बाजूला. पुढे एकदा पीटर, एकदा मरिया.

यात कुणाचा काय डाव होता हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण तो काळ कसा होता ते सांगतो. २५ जून १७९६ रोजी आंकोनाच्या कॅथेड्रलमधल्या मरियामातेच्या चित्राचे डोळे हलले अशी वार्ता उठली. जुलैत रोममध्ये गल्लीबोळांतल्या तसबिरींबद्दल तेच सांगू लागले. एक-दोन नव्हे, कितीतरी. लोक रात्र रात्र दिवे घेऊन कोपऱ्याकोपऱ्यावर उभे असत. पुढे चर्चने साक्षी घेऊन त्याची रीतसर चौकशीही केली. फ्रेंच येणार या भीतीने अख्खं राज्य जपमाळ ओढत होतं. त्यानंतर वर्षभरात हा चेहरा तांब्यावर आला. ज्या बाईकडे ते जीव वाचवायला पाहत होते, तिच्याच हाती सरकारने हलकं नाणं पाठवलं. मला हे थोडं निर्लज्जपणाचं वाटतं. माझ्या ओळखीचे एक धर्मगुरू म्हणाले होते, वाटू दे, पण त्या बिचाऱ्यांना तोच चेहरा हवा होता. त्यांचंही खरं असेल.

रोमच्या टांकसाळीचा ठसा कोरला तोम्मासो मेर्कांदेत्ती या कलावंताने. चांगल्या प्रतीवर भिंग धरलं तर चेहऱ्याखाली ‘टी. एम.’ ही त्याची आद्याक्षरं सापडतात. पदराच्या चुण्या, पापणी, ओठांची घडी सगळं व्यवस्थित. पदकं घडवणारा हात आहे हे लगेच कळतं. पण एकट्या रोमला हे काम झेपणारं नव्हतं. मग गावोगावी टांकसाळी चालू झाल्या. आंकोना, आस्कोली, फेर्मो, फोलिन्यो, गुब्बिओ, माचेराता, मातेलिका, मोन्ताल्तो, पेर्गोला, पेरुजा, सान सेवेरीनो, स्पोलेतो, तेर्नी, तिवोली, वितेर्बो, चिवितावेक्किया... यादी लांबते. यातलं गुब्बिओ मुरलेलं होतं. १६३१ मध्ये उर्बिनोची सरदारकी पोपकडे आली तेव्हापासून तिथे पोपच्या नावाने तांब्याचा खुर्दा पडत होता. बाकी कित्येक गावांत या कामाची सवयच नव्हती.

ते नाण्यावर दिसतं. स्थानिक कारागिराने रोमचा ठसा समोर ठेवून आपला कोरला. एका गावची मरिया विशीतली मुलगी दिसते, दुसऱ्या गावची कष्टाने थकलेली आजी. कुठे नाक इतकं टोकदार की पीटरला पदर घातल्यासारखा वाटतो. अक्षरं कलंडलेली, चकती एका बाजूला जाड, ठसा मधोमध न बसल्याने अर्धं लॅटिन कडेबाहेर गेलेलं. मला स्वतःला रोमच्या देखण्या प्रतीपेक्षा हीच जास्त आवडतात. आपल्याकडच्या शिवराया जमवणाऱ्यांना हे सांगावं लागणार नाही. ‘श्री राजा शिव’ या पाच अक्षरांच्या किती तऱ्हा असतात हे ज्याने पाहिलंय, तो ‘सांक्ता देई’च्या तऱ्हांना हसणार नाही.

आता दुसरी बाजू. सरकार जे करून नफा काढतं ते कोपऱ्यातला तांबटही करू शकतो. पंधरा ग्रॅम तांब्यात पाच बायोक्की मिळत असतील तर खोटं नाणं पाडायला खोट्या धातूची गरजच उरली नाही. चांगलं तांबं वापरूनही फायदा. म्हणून मादोन्निनाची त्या काळातलीच बनावट नाणी भरपूर आहेत. बरीचशी ओतीव: खऱ्या नाण्यावरून मातीचा साचा, त्यात वितळलेलं तांबं. ओळखायच्या खुणा तीन-चारच. पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांची छिद्रं, अक्षरांच्या कडा मेणासारख्या मऊ, कडेवर कानशीने घासलेली रेघ, आणि वाजवलं की खणखणीत न येता बसका आवाज. भोक असलेल्या नाण्याचा आवाज मात्र खरा असूनही बसतो, तेव्हा तुमच्या नाण्याला ही शेवटची कसोटी लावू नका.

मी एकदा यात फसलो आहे. एका परगावच्या व्यापाऱ्याकडून पत्राने मागवलेलं साम्पिएत्रीनो, ‘अतिशय दुर्मीळ गाव’ म्हणून चांगले पैसे मोजले. हातात आल्यावर दोन मिनिटांत कळलं, गावाचं नाव मागाहून कोरलं होतं. त्या अक्षरांभोवतीचा पृष्ठभाग जरा खोलगट होता, बोटाने कळण्याइतका. नाणं परत घेतलं गेलं नाही. ते मी ठेवलंय आणि शिकवताना वापरतो, त्यामुळे पैसे वसूल झाले असं मनाला सांगतो.

नाण्यांचं पुढे काय झालं ते भराभर सांगतो. बरोबर एक वर्षाने, १५ फेब्रुवारी १७९८ रोजी, म्हणजे पायसच्या निवडीच्या वाढदिवशीच, फ्रेंचांच्या आशीर्वादाने रोममध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं. म्हातारे पोप कैदेत गेले आणि २९ ऑगस्ट १७९९ रोजी फ्रान्समधल्या व्हॅलेन्सला वारले. प्रजासत्ताकाने दोन बायोक्कींचे आपले तांब्याचे पैसे काढले, त्यावर मरिया-पीटर जाऊन काठ्यांची जुडी आणि कुऱ्हाड आली. रोंचिल्योने हे वितेर्बोजवळचं गाव फ्रेंच सैन्याने १७९९ च्या जुलैत जाळलं. त्या गावाच्या नावाची, त्याच सालची, तीन बायोक्कींची मादोन्निना मिळते. पाचाचे तीन. आकडा तरी थोडा वजनाकडे सरकला म्हणायचा. नवे पोप सातवे पायस आले आणि १८०१ पासून सरळ अर्धा बायोक्को, बायोक्को असे साधे पैसे पुन्हा पडू लागले.

पाच बायोक्कींचं प्रामाणिक तांब्याचं नाणं बघायचं असेल तर अर्धं शतक पुढे यावं लागतं. नवव्या पायसच्या काळात, १८४९ ते १८५४ च्या दरम्यान, ते निघालं. काट्यावर ठेवलं तर चाळीस ग्रॅमच्या घरात. मी शिकवताना हे आणि मादोन्निना शेजारी शेजारी ठेवतो आणि काहीच बोलत नाही. मुलं स्वतःच दोन्ही हातांत घेऊन तोलतात.

एक आडगोष्ट, तांब्याची नसली तरी राहवत नाही म्हणून. पोपच्या राज्यातल्या नाण्यांवर छत्रीही येते. दोन किल्ल्या फुलीसारख्या, वर उघडलेली छत्री, आणि शब्द ‘सेदे व्हाकान्ते’, गादी रिकामी. एक पोप वारला आणि दुसरा निवडला गेला नाही, त्या मधल्या दिवसांतली ही नाणी. आपल्याकडे शिवराईवर ‘छत्रपति’ म्हणजे छत्र आणि त्याखाली धनी. तिकडे छत्र दिसलं की समजायचं, खाली कुणी नाही.

आता चिंच. वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः हा पराक्रम केलाय. एक सुरेख मादोन्निना मिळाली होती, काळपट तपकिरी, जुन्या शिसवीच्या रंगाची. मधे एक हिरवट ठिपका खुपत होता. म्हटलं, घरची तांब्याची भांडी चिंच-मिठाने उजळतात, हे का नाही? पाच मिनिटं. ठिपका गेला, आणि त्याबरोबर सगळं गेलं. नाणं सोललेल्या त्वचेसारखं गुलाबी निघालं. पापणीची रेघ होती ती दिसेना, कारण ती रेघ उठून दिसत होती खोलगट भागातल्या काळपटपणामुळे. दोनशे वर्षांचा तो रंग म्हणजे मळ नव्हे. तांब्याने हवेशी हळूहळू केलेली तडजोड आहे, आणि ती खालच्या धातूचं रक्षण करते. आम्ल लावलं की ती विरघळते. मागे राहिलेलं मीठ पुढे तांबं खातच राहतं. माझ्या नाण्यावर सहा महिन्यांत आधीपेक्षा जास्त हिरवं आलं.

तुम्ही एवढंच करा. हिरवटपणा आहे का आणि कसा, ते बघा. घट्ट, गुळगुळीत, काचेसारखा हिरवा असेल तर नाण्याला काही होत नाही, राहू द्या. पण फिकट हिरवी, पिठासारखी, काडीने झडणारी भुकटी असेल तर तो रोग आहे. क्षार आणि ओल मिळून आतून चाललेला. तसं असेल तर ते नाणं बाकीच्या तांब्या-पितळेपासून वेगळं ठेवा आणि वस्तुसंग्रहालयात जतनाचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा. वसईची हवा खारट आणि दमट, तेव्हा एरवीही प्लॅस्टिकच्या पाकिटात कोंडू नका. आम्लरहित कागदाची पुडी, छोट्या डबीत, सोबत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी. पावसाळ्याआधी ती बदला. धरताना कडेला धरा, बोटांचा घामही खारटच असतो. अल्तारीवर ठेवायचं असेल तर ठेवा, फक्त मेणबत्तीचं मेण आणि उदबत्तीची राख लांब.

किंमत विचारलीत. मन मोडतं का बघा: फार नाही. मादोन्निना लाखांनी पडल्या नसतील असं मानायला जागा नाही, इतक्या त्या आजही दिसतात. सर्वसाधारण झिजलेली प्रत युरोपात दोन आकडी युरोंत मिळते, आणि भोक पाडलेली त्याच्या निम्म्यातही. दुर्मीळ गावाचं नाव आणि न झिजलेला चेहरा असेल तरच आकडा चढतो. तुमच्याकडची प्रत मी विकायला सांगणार नाही. भोक पाडल्याने बाजारात ती उतरली, पण कुणीतरी ती छातीवर वागवली याचा तो एकमेव पुरावा आहे, आणि तसल्या पुराव्याला लिलावात रकाना नसतो. ते भोकही एकदा भिंगाखाली बघा. भोकाच्या कडा गुळगुळीत असून वरच्या अंगाला दोऱ्याने घासून खाच पडली असेल, तर ती वर्षानुवर्षं गळ्यात होती. कडा धारदार असतील तर भोक अलीकडचं. तुमच्या आजोबांनी पाडलं की त्यांना तसंच मिळालं, याचा थोडा अंदाज त्यातून येईल.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण हे कुणी सांगत नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं भारतात १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू धरलं जातं. घरात बाळगायला अडचण नाही. पण नातेवाइकाबरोबर परदेशी पाठवायचं किंवा तिकडच्या लिलावाला द्यायचं मनात आलं, तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारा. नाणं मूळचं परदेशी आहे म्हणून सूट मिळेल असं गृहीत धरू नका.

राहिला तो ‘एम’. मला सगळ्यात जास्त रस यातच आहे. तुम्ही म्हणता तिथे गावाचं नाव असतं, आणि ‘एम’ची तीन गावं आहेत: माचेराता, मातेलिका, मोन्ताल्तो. तिन्ही मार्के प्रांतातली. गंमत अशी की रोमन लिपीत तिन्ही नावं आठ-आठ अक्षरांची, त्यामुळे लांबीवरून काही कळत नाही. पण अक्षरं मोजत जा. दुसरं अक्षर गोल ‘ओ’ असेल तर मोन्ताल्तो, काम संपलं. वर टोक असलेला ‘ए’ असेल तर पहिली दोन उरली, मग तिसऱ्या अक्षरावर या: माचेराताचं ‘सी’, मातेलिकाचं ‘टी’. ‘सी’ला उभी रेघ नाही, ‘टी’ला मधोमध आहे. नाव कधी एका ओळीत येतं, कधी तोडून दोन ओळींत, ते लक्षात ठेवा.

वरून उजेड पाडून हे दिसणार नाही. रात्री खोलीतला दिवा बंद करा, नाणं टेबलावर आडवं ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च टेबलाला टेकवून बाजूने धरा. उजेड नाण्यावरून सरपटत गेला पाहिजे. मग नाणं हळूहळू पूर्ण फिरवा आणि दर थोड्या अंशाला एक फोटो काढा, बारा-पंधरा तरी. उभ्या रेघा एका कोनात उठतात, गोलाई दुसऱ्या. चांगल्या प्रकाशात वर्षानुवर्षं जे लागलं नाही ते असल्या तिरप्या उजेडात लागतं. त्यातले तिसऱ्या अक्षराचे दोन-तीन फोटो आणि सोनाराच्या काट्यावरचं वजन, दशांशासकट, मला पाठवा.